अंगठा लागत नाही : यंत्राच्या नकाराचा इतिहास (थ्रेड)

१/
तळोदा म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना बारगळांची गढी आठवते. मल्हारराव होळकरांचे बालपण मामा भोजराज बारगळांच्या आश्रयाने जेथे गेले, ते हे गाव. आजचा थ्रेड मात्र गढीविषयी नाही. गढीपासून थोडे पुढे, बाजारपेठेतल्या कोणत्याही रेशन दुकानाच्या फळीवर जे छोटे यंत्र ठेवलेले असते, त्याच्या पडद्यावर उमटणाऱ्या एका नकाराविषयी आहे. थ्रेड मोठा आहे, सवडीने वाचा.

२/
नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची. एका बाजूला तापी, दुसऱ्या बाजूला सातपुडा आणि मधल्या पट्ट्यात तळोदा. येथल्या घराघरांत भिली, पावरी, अहिराणी, गुजरी बोलली जाते, शाळा-कचेरीत मराठी. इंग्रजीचा प्रवेश बहुधा यंत्राच्या पडद्यावरूनच. हा तपशील ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

३/
तळोद्याच्या शेजारच्या शहादा तालुक्यातील टेंभली या गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी आधार योजनेचा प्रारंभ झाला. पंतप्रधान मनमोहन सिंग, सोनिया गांधी आणि प्राधिकरणाचे तत्कालीन अध्यक्ष नंदन नीलेकणी समारंभास उपस्थित होते. देशातला पहिला आधार क्रमांक याच गावातल्या एका स्त्रीला मिळाला. त्या दिवसाची छायाचित्रे तुम्ही पाहिली असतील. परंतु त्या दिवशी दिले गेले ते केवळ क्रमांक होते. त्या क्रमांकाला प्रश्न विचारण्याची व्यवस्था, म्हणजे ‘ही व्यक्ती तीच आहे का?’ असे दूरवरच्या सर्व्हरला विचारून उत्तर मिळवण्याची वेब सर्व्हिस, २०१२ च्या आरंभी सुरू झाली. आपली कथा तेथून पुढची आहे. पण तिचे मूळ बरेच मागे आहे.

४/
आधी अंगठ्याकडे पाहू. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून रस्त्याच्या खडीचा करार करून घेतला आणि सहीसोबत त्याच्या पंजाचा शाईतला ठसा घेतला. हेतू एवढाच, की उद्या ‘ही सही माझी नव्हे’ असे त्याला म्हणता येऊ नये. १८९७ मध्ये कलकत्त्यात बोटांच्या ठशांचा विभाग स्थापन झाला. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी तेथे ठशांच्या वर्गीकरणाची जी रीत बसवली, तिचे श्रेय दीर्घकाळ त्यांच्या साहेबाच्या नावे जमा होते. तो एक वेगळ्या थ्रेडचा विषय.

५/
आपल्याकडे ‘निशाणी डावा अंगठा’ हा शब्दप्रयोग दस्तऐवजांतून बोलीत उतरला. त्या जगात एक गोष्ट पक्की होती. अंगठा हा माणसाला बांधण्यासाठी घेतला जाई. पण ठसा उमटला नाही म्हणून कागद माणसाला परत पाठवत नसे. कारकून म्हणे, ‘पुन्हा लाव, शाई कमी झाली.’ नकार आणि त्याचे कारण एकाच तोंडून येत असे. यंत्राच्या युगात या दोन गोष्टींची फारकत झाली.

६/
ही फारकत कशी झाली, हे पाहण्यासाठी १९७०च्या दशकातील अमेरिकेत जावे लागते. अर्पानेट हे संगणकांचे जाळे तेव्हा बाल्यावस्थेत होते. एका संगणकावरील फाईल दुसऱ्यावर नेण्याच्या नियमावलीला एफटीपी म्हणत. एका यंत्राने मागणी करायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचे. आणि मागणी पुरी करता आली नाही तर? जून १९७४ मध्ये जॉन पोस्टेल यांनी या उत्तरांची नव्याने मांडणी केली. प्रत्येक उत्तर तीन अंकी. पहिला अंक २ असेल तर काम झाले. ४ असेल तर आत्ता जमत नाही, पुन्हा प्रयत्न करा. ५ असेल तर तीच मागणी तशीच पुन्हा आणू नका.

७/
४ आणि ५ यांतला हा भेद मला फार महत्त्वाचा वाटतो. कचेरीत हेलपाटे घातलेल्या कोणालाही तो समजावून सांगावा लागणार नाही. ‘उद्या या’ आणि ‘तुमचे काम होणार नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. पहिल्याने माणूस उद्याची मजुरी बुडवून येतो, दुसऱ्याने तो दुसरा मार्ग शोधतो. या दोहोंत गल्लत करणारा कारकून उद्धट कारकुनापेक्षाही अधिक नुकसान करतो.

८/
एफटीपीच्या १९८५ च्या अधिकृत नियमावलीत आणखी एक तत्त्व स्पष्ट शब्दांत आहे. तीन अंकी आकडा यंत्रासाठी, म्हणजे पुढे काय करायचे हे प्रोग्रॅमने ठरवावे म्हणून. आणि आकड्यामागून येणारा मजकूर माणसासाठी. आकडा सर्वत्र तोच राहील, मजकूर मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने लिहावा. मराठीत आपण ज्याला ‘शेरा’ म्हणतो, तोच हा मजकूर. अर्ज फेटाळला ही एक गोष्ट, आणि फेटाळलेल्या अर्जावर ‘सातबारा जोडलेला नाही’ असा शेरा असणे ही दुसरी.

९/
गंमत अशी, की वर्ल्ड वाइड वेबचा जन्म झाला तेव्हा त्यात आकडा नव्हताच. टिम बर्नर्स-ली यांच्या १९९१ च्या पहिल्या एचटीटीपीमध्ये चूक झाली तर सर्व्हर साध्या वाचनीय मजकुरात ती सांगत असे. हे उत्तर आहे की नकार, हे मजकूर वाचल्यावाचून कळण्याची सोय नव्हती. माणसाला ते चाले. यंत्राला चालणारे नव्हते. म्हणून एफटीपीच्या धर्तीवर आकडे आले आणि मे १९९६ मध्ये एचटीटीपीची १.० ही आवृत्ती लेखी स्वरूपात प्रसिद्ध झाली, तेव्हा आकडा आणि त्यासोबत छोटे वाक्य अशी जोडी रूढ झालेली होती. सर्वांच्या ओळखीचा ४०४ हा याच कुळातला.

१०/
वेबवरून पाने मागवणे निराळे आणि एका प्रोग्रॅमने दुसऱ्या प्रोग्रॅमकडून काम करून घेणे निराळे. या दुसऱ्या प्रकाराला वेब सर्व्हिस म्हणू लागले. बँक, विमा, रेल्वे अशा प्रत्येक धंद्याच्या चुका वेगळ्या. ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ हे ४०४ सारख्या सामान्य आकड्यात कसे सांगणार? म्हणून मे २००० मध्ये सोप नावाच्या नियमावलीची १.१ आवृत्ती प्रसिद्ध झाली, तिच्यात नकारासाठी ‘फॉल्ट’ असा स्वतंत्र लखोटाच ठेवला होता. त्यात एक सांकेतिक कोड, एक माणसाला वाचता येईल असे वाक्य आणि एक तपशिलाचा कप्पा. त्या कप्प्यात सेवा लिहिणाऱ्याने आपल्या धंद्यापुरते काय ते लिहावे. स्वतःचा शेरा लिहिण्याची ही अधिकृत मुभा.

११/
मुभा होती, वापर मात्र कमी झाला. का, ते समजून घेतले पाहिजे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एखाद्या चुकीचा आधी विचारच केला नसेल, तर ती चूक घडताच सर्व्हर एकतर ‘अंतर्गत अडचण’ असे मोघम उत्तर देतो, नाहीतर आपल्या पोटातली सगळी आतडी बाहेर काढून दाखवतो : कोणत्या फाईलच्या कोणत्या ओळीवर काय मोडले, कोणता डेटाबेस, कोणते टेबल. पहिले उत्तर ग्राहकाच्या उपयोगाचे नाही आणि दुसरे चोराच्या उपयोगाचे आहे. या दोहोंच्या मधले, ग्राहकाला पुरेसे आणि चोराला अपुरे असे वाक्य कोणीतरी बसून, विचार करून लिहावे लागते. लॉगिन करताना ‘नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे’ असे जे मुद्दाम अर्धवट सांगितले जाते, ते याच विचारातून. नेमके काय चुकले हे सांगितले, तर नाव बरोबर होते हे परक्याला कळते.

१२/
आता आधारकडे परत. आधारच्या पडताळणी सेवेची रचना या दृष्टीने मोठी शिस्तीची आहे. दुकानातले यंत्र ठसा आणि क्रमांक कुलूपबंद करून पाठवते. तो विभागाच्या सर्व्हरमार्फत, तेथून परवानाधारक मध्यस्थ संस्थेमार्फत, प्राधिकरणाच्या केंद्रीय भांडारापर्यंत पोहोचतो. उत्तर एक्सएमएलच्या चार ओळींत येते. त्यात ‘रेट’ नावाच्या जागी एकच अक्षर असते, ‘वाय’ किंवा ‘एन’. होय किंवा नाही. नाव, पत्ता, वय काहीही परत येत नाही, आणि ते योग्यच आहे. ‘नाही’ असेल तर ‘एर’ नावाच्या जागी तीन अंकी कोड असतो.

१३/
या कोडांची यादी वाचणे हा एक विलक्षण अनुभव आहे. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही. ८११ म्हणजे या क्रमांकासमोर भांडारात ठसेच नाहीत. ९९८ म्हणजे क्रमांकच चुकीचा. ३३० म्हणजे धारकाने आपले ठसे स्वतः कुलूपबंद करून ठेवले आहेत. ५६१ म्हणजे विनंतीवरील वेळेचा शिक्का फार जुना आहे. ५६२ म्हणजे तो शिक्का भविष्यातला आहे, अर्थात यंत्राचे घड्याळ पुढे गेले आहे. ५६५ म्हणजे विचारणाऱ्या संस्थेच्या परवान्याची मुदत संपली आहे. ९९९ म्हणजे अज्ञात चूक.

१४/
जरा थांबून ही यादी पुन्हा पाहा. यांतले ३०० हे माणसाच्या बोटाविषयी आहे. ५६२ हे घड्याळाविषयी. ५६५ हे कोणा कचेरीने वेळेवर न केलेल्या नूतनीकरणाविषयी. दोष कोणाचा, हे केंद्रीय सर्व्हर प्रामाणिकपणे आणि नेमकेपणाने सांगतो आहे. पण फळीच्या अलीकडे उभ्या असलेल्या म्हातारीला यांतले प्रत्येक उत्तर एकाच वाक्यात ऐकू येते : ‘मावशी, एरर आली. अंगठा लागत नाही.’

१५/
‘अंगठा लागत नाही’ हे वाक्य मराठी रेशन व्यवहारातले सर्वांत प्रचलित एरर मेसेज आहे, असे मी म्हणेन. ते कोणत्याही प्रोग्रॅमरने लिहिलेले नाही. पडद्यावरचे इंग्रजी वाक्य आणि आकडा यांचे दुकानदाराने आपल्या परीने केलेले ते भाषांतर आहे. सरकारी मराठीत ‘त्रुटी’ हा शब्द आहे खरा, पण दुकानात ‘त्रुटी आली’ असे म्हणणारा माणूस मला अद्याप भेटायचा आहे. या लोकभाषांतरात एक मेख आहे. कर्ता अंगठा आहे. घड्याळ नाही, परवाना नाही, नेटवर्कही नाही. व्याकरणानेच दोष बोटावर टाकला.

१६/
आणि पुष्कळदा बोटाचे तसे खरेही असते. या पट्ट्यातून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे गुजरातेत ऊसतोडीला जातात. ऊस, कोयता, माती, सिमेंट आणि वय यांनी बोटांवरच्या रेषा झिजतात. नोंदणीच्या दिवशी घेतलेला ठसा आणि सहा महिन्यांच्या तोडीनंतरचे बोट यांत अंतर पडते. यंत्र त्याला ‘जुळत नाही’ म्हणते. यंत्राचे म्हणणे खोटे नाही. त्याचा अर्थ मात्र ‘ही ती नव्हे’ असा होत नाही.

१७/
प्राधिकरणाच्या अभियंत्यांना हे ठाऊक नव्हते काय? पुरेपूर ठाऊक होते. सेवेच्या तांत्रिक दस्तऐवजात प्रत्येक कोडासमोर दोन रकाने आहेत : वापरकर्त्याला कोणते वाक्य दाखवावे आणि त्याला काय करायला सांगावे. ३०० समोर सुचवले आहे, की पुन्हा बोट ठेवायला सांगा, दुसरे बोट वापरून पाहा. वारंवार प्रयत्न फसले आणि माणूस खरा असेल, तर अपवादाची तरतूद वापरून त्याला सेवा द्यावी, असाही निर्देश आहे. तसेच उत्तरात ‘ॲक्शन’साठी एक स्वतंत्र जागा ठेवलेली आहे आणि ती आली तर समोरच्या पडद्यापर्यंत पोहोचवलीच पाहिजे, असे बजावलेले आहे. म्हणजे शेरा लिहिलेला होता. तो वाटेत गळाला.

१८/
हे गळणे आपण इतिहासात अनेकदा पाहिले आहे. हुकूम राजधानीत निघतो, सुभ्यावर त्याचा सारांश होतो, परगण्यात सारांशाचा सारांश होतो आणि गावात दवंडीला एकच शब्द उरतो. आधारच्या साखळीत प्रत्येक टप्प्यावरच्या प्रोग्रॅमने खालून आलेला कोड स्वीकारला आणि वर आपले वाक्य चिकटवले, किंवा आकडा तसाच पुढे ढकलला. अपवादाची तरतूद असलेले वाक्य लांब होते. पडदा लहान होता.

१९/
माझी स्वतःची तक्रार थोडी वेगळी आहे. पोस्टेल यांच्या १९७४ च्या मांडणीत आकडा पाहताच ‘उद्या या’ की ‘येऊ नका’ हे कळत असे. आधारच्या कोडांत तो गुण नाही. ३०० हा आकडा आजपुरता आहे की कायमचा, हे आकड्यावरून ठरत नाही. गट पाडले आहेत ते चुकीच्या विषयानुसार : शंभर ते तीनशेच्या घरातले तपशिलांचे आणि ठशांचे, चारशे ओटीपीचे, पाचशेच्या घरातले बहुतेक विनंतीच्या स्वरूपाचे. अभियंत्याला ही विभागणी सोयीची. रांगेतल्या माणसाचा प्रश्न मात्र विषयाचा नसतो. त्याला उद्या यावे की नाही, एवढेच कळायला हवे असते.

२०/
या नकारांचे प्रमाण किती? २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालात ठिकठिकाणचे अंदाज एकत्र दिले आहेत. पडताळणी फसण्याचे प्रमाण झारखंडात ४९ टक्के, राजस्थानात ३७ टक्के, गुजरातेत ६ टक्के आणि आंध्रातील कृष्णा जिल्ह्यात ५ टक्के. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्राधिकरणाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी केलेल्या सादरीकरणात सरकारी सेवांतील यशाचे प्रमाण ८८ टक्के सांगितले गेले. बाकीच्या १२ टक्क्यांत प्रत्येक वेळी धान्य नाकारले गेले असा अर्थ नाही. दुसऱ्या प्रयत्नात जुळलेलेही त्यात असणार. तरीही आकडा लहान नाही.

२१/
सप्टेंबर २०१७ मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात एका अकरा वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. आधारशी जोडणी नसल्याने कुटुंबाची शिधापत्रिका रद्द झाली होती. मृत्यू उपासमारीने झाला असे कुटुंबाचे म्हणणे. शासनाने ते नाकारून आजाराचे कारण दिले. देशभर गदारोळ झाला आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये केंद्राकडून राज्यांना सूचना गेल्या : पडताळणी फसली, नेटवर्क नसले, आधारच नसले, तरी कोणाला धान्य नाकारू नका; शिधापत्रिका पाहून धान्य द्या आणि अपवादाची नोंद वेगळ्या नोंदवहीत ठेवा.

२२/
२६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने आधार खटल्याचा निकाल चार विरुद्ध एक असा दिला. बहुमताने अनुदाने आणि लाभांसाठी आधारचा वापर वैध ठरवला, पण पडताळणी फसली एवढ्यावरून पात्र माणसाला वंचित ठेवता येणार नाही, हेही नोंदवले. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी भिन्न मत दिले. नागरिकाचा हक्क अल्गोरिदमच्या संभाव्यतेवर टांगता ठेवता येत नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा आशय. निकालपत्र अत्यंत दीर्घ आहे. ज्यांना खरोखर खोलात जायचे आहे त्यांनी निदान भिन्न मत तरी मुळातून वाचावे.

२३/
त्यानंतर करोना आला. २०२० मध्ये एकाच काचेवर शेकडो बोटे टेकवणे धोक्याचे ठरले, तेव्हा महाराष्ट्रात काही काळ लाभार्थ्याऐवजी दुकानदाराचाच अंगठा प्रमाण मानून धान्य दिले गेले. ज्या अंगठ्यावाचून एक दाणा हलत नव्हता, त्याच्यावाचून महिनोन्‌महिने व्यवस्था चालली. त्यात गैरवापर झाला की नाही, हा वेगळा प्रश्न आहे. व्यवस्था चालू शकते, एवढे मात्र सिद्ध झाले.

२४/
इकडे जागतिक पातळीवर नकाराच्या भाषेचे काय झाले? मे २०१५ मध्ये एचटीटीपीची दुसरी आवृत्ती आली आणि तिने आकड्यासोबतचे छोटे वाक्य काढूनच टाकले. यंत्रे आकडाच वाचतात, वाक्य कोणी वाचत नाही, हे कारण. म्हणजे १९९१ मध्ये केवळ शब्द, १९९६ मध्ये शब्द आणि आकडा, २०१५ मध्ये केवळ आकडा. पण लगेच पुढल्या वर्षी, मार्च २०१६ मध्ये, मार्क नॉटिंगहॅम आणि एरिक विल्डे यांनी वेब सर्व्हिसच्या नकारासाठी एक नवा साचा प्रसिद्ध केला. त्यात अडचणीचे शीर्षक आणि या विशिष्ट वेळी नेमके काय घडले त्याचा तपशील, अशा जागा आहेत. हा मजकूर वाचणाऱ्याच्या भाषेत देण्याचीही सोय आहे. जुलै २०२३ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. दाराने घालवलेला शेरा खिडकीतून परत आला म्हणा.

२५/
वाचणाऱ्याच्या भाषेत, हे शब्द मुद्दाम पुन्हा लिहितो. ३०० चे मराठी वाक्य करणे कठीण नाही. ‘ठसा जुळला नाही. दुसरे बोट ठेवून पाहा. तरीही न जुळल्यास शिधापत्रिकेवर धान्य देऊन नोंद करा.’ पंधरा शब्द. भिली आणि पावरी बोलणाऱ्यांसाठी हेच वाक्य यंत्राने आवाजात सांगावे लागेल. यंत्रात त्यासाठी ध्वनिक्षेपक असतोच, ‘व्यवहार यशस्वी’ सांगायला तो वापरला जातो.

२६/
शेवटचा एक तपशील. ऑक्टोबर २०१७ च्या सूचनांत अपवादाची जी वेगळी नोंदवही ठेवायला सांगितली, तिच्याविषयी. आपल्याकडच्या कोणत्याही छापील सरकारी नोंदवहीत, मग ती तलाठ्याची असो, शाळेची असो वा रेशन दुकानाची, अगदी उजव्या कडेला एक अरुंद रकाना असतो. त्याचे नाव ‘शेरा’. तळोद्याच्या दुकानात मावशीला धान्य मिळाले पण अंगठा जुळला नाही, तर दुकानदाराने त्या रकान्यात काय लिहायचे? ‘३००’ लिहिले तर पुढच्या महिन्यात तपासणीला आलेल्याला काहीच कळणार नाही. ‘ऊसतोडीहून परतल्या, बोटे झिजलेली’ असे लिहिले तर सगळे कळेल. रकाना लहान आहे, पण एवढे मावते.